पास्कूकाकांच्या गाडीचा पंखा

जुन्या गाडीला बॅटरीवरचा पंखा लावावा का, असं कुणी विचारलं की मला निर्मळ गावचे पास्कूकाका आठवतात.

त्यांच्या वडिलांची काळी गाडी. गावातल्या कितीतरी नवऱ्या त्याच गाडीतून चर्चला गेल्या, बॅन्डच्या मागून, माणसाच्या चालीनं. इतक्या हळू इंजिनाचा स्वतःचा पंखा पुरेसा फिरत नाही आणि इंजिन तापतं. मी तिचा मेकॅनिक, म्हणून गॅरेजमध्ये भीत भीत म्हटलं, "काका, बॅटरीवरचा पंखा लावू या. तुमचं लग्न मे महिन्यात आहे."

"माझं नाही रे, मुलीचं!" काका म्हणाले. सगळे हसले.

"बाबाच्या गाडीला असली थेरं नकोत," एवढं बोलून ते गेले.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या अलीकडच्या वळणावर गाडीतून वाफ निघाली. बॅन्ड थांबला. चर्चमध्ये आमच्यानंतर लगेच दुसरं लग्न होतं, फादर थांबणार नव्हते.

"मामाचा हात धर आणि चालत पुढे हो," काका मुलीला म्हणाले. "मी पाणी घालून आलोच."

"पप्पा, तुम्हीच चला ना. नवरीला आत बापच नेतो."

"काका, तुम्ही जा, मी बघतो गाडीकडे," वऱ्हाडातून पुढे येत मी म्हटलं.

"बाबाची गाडी रस्त्यात टाकू?"

रेडिएटरचं गरम झाकण लवकर उघडेना. आम्ही पोचलो तेव्हा नवरा-नवरी चर्चबाहेर फोटोला उभी होती.

सोमवारी काका गॅरेजमध्ये आले. "लाव तुझा तो पंखा."

मी लावला. आता गाडी कितीही हळू चालते. पण काकांना मुलगी एकच.