दिराच्या कार्डाची परीक्षा

बसा हो, अजून वीस मिनिटं आहेत — अर्धा तास खेळ चालवल्याशिवाय मी कुठल्याच ग्राफिक्स कार्डाला चांगलं म्हणत नाही, अख्ख्या गिलमोर बाजारात विचारा. पहिली पाच मिनिटं काय, कुठलंही कार्ड नव्या सुनेसारखं वागतं. हा खेळ मुद्दाम लावलाय. जळतं शहर, वरून पाऊस, खाली साचलेल्या पाण्यात सगळं परत उलटं दिसतंय — याच्यापुढं भल्याभल्यांना घाम फुटतो. आणि हे तर आर्सेनियोचं. समोरच्या गाळ्यातला ना? तुमचं ओळखपत्र ठेवून घेतलं आणि तासाभरासाठी तपासायला दिलं — हो ना? माझा दीर आहे तो. सख्खा. कार्ड आतून गेलेलं असलं की स्क्रीनवर हिरवे ठिपके येतात, दिसले की सांगा, मोबाइल तयार ठेवलाय, शूटिंग करून सगळ्या ग्रुपांवर टाकणार आहे. त्याच्या दुकानाला टाळं लागलेलं मला बघायचंय. दोन वर्षं वाट बघतेय.

का म्हणून काय विचारता? गाळा दोघांचा होता आमचा. कार्डांवर क्रिप्टोची नाणी काढणाऱ्यांकडनं जुनी कार्डं आणायचो — त्यांच्याकडं ती वर्षवर्ष रात्रंदिवस तापत असतात, धुळीनं माखलेली — साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून विकायचो. इथं सगळेच धुतात, त्यात लपवायचं काय. तर एका डिसेंबरात चाळीस कार्डं गेली, वर्षअखेरीला जादा मिळणाऱ्या तेराव्या पगाराची गर्दी, आणि नाताळच्या आत सगळी बंद पडून परत. माणसं गाळ्यासमोर उभी. तेव्हा हा काय म्हणाला? ‘धुणं वहिनीकडं असतं.’ भर बाजारात बोट दाखवलं माझ्याकडं. कुणीतरी ते शूट केलं, अजून लोक मला धोबीण म्हणतात. ज्याला मी माझ्या हातानं भात वाढला, त्यानंच केसानं गळा कापला.

किती तापलं? एकाहत्तर अंश? थांबा, कार्डाचे पंखे जरा कमी करते — अहो, असंच करतात, परीक्षा म्हणजे परीक्षा — तुम्ही ते तळलेलं केळ्याचं तुरोन खा, गार होतंय. अठ्ठ्याऐंशी. आता बघा. आत पाणी राहिलं असलं ना, की इथंच दगा देतं, चिपच्या पोटाखाली थेंबभर पुरतो. दोन दिवस वाळवावंच लागतं, एका रात्रीत कसं वाळेल — पण खाली गिऱ्हाईक पगार घेऊन दारात उभं, मग मी म्हटलं, केसांचा ड्रायर फिरवला की झालं—

तो म्हणालाच होता थांब म्हणून. म्हणजे — एकदा म्हणाला. दोनदा म्हणाला असेल. म्हणून काय चारचौघांत सांगायचं? घरी येऊन बोलायचं होतं मला, चार शिव्या द्यायच्या होत्या.

माझ्याकडं काय बघताय? स्क्रीनकडं बघा. अर्धा तास होऊन गेला? एकही ठिपका नाही? कोपऱ्यात बघा नीट — नाही? मग पंखे बंदच करते. माउसवरनं हात काढा. बाळा, हात काढ म्हणते ना, गाळा माझा आहे.

बरं. केला बंद खेळ. घ्या काढून, तापलंय, फडक्यानं धरा. चांगलं आहे. चांगलं आहे म्हटलं ना, किती वेळा वदवून घेणार? पैसे नकोत. आणि त्यानं विचारलं तर कुठं तपासलं ते सांगू नका. निघा आता.