डॉक्टरबाईंनी सांगितलेली मिठी

अरे, पालमच्या डॉक्टरबाईंनी आमच्या पोरीला तपासलं अन् भलतंच औषध सांगितलं. "घरातल्या सगळ्यांनी रोज एकमेकांना मिठी मारायची. तब्येत चांगली राहते."

घरी येताच पोरगी म्हणाली, "पप्पा, आधी तुमी आजोबांना मिठी मारून दाखवा."

बाबांना मी जन्मात मिठी मारलेली न्हाई. ते गोठ्यात म्हशीला पेंड घालायले होते. गेलो अन् मारली. बाबा खांबासारखे ताठ.

"कोन गेलं रे?"

"कुनी न्हाई, बाबा."

"मग काल माझं रक्त तपासलं, त्यात काय निघालं?"

"काई न्हाई." मी डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं.

बाबांनी स्वयंपाकघराकडं बघितलं अन् दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल. तुझ्या मायनं ऐकलं तर मला बी मारावी लागंल."