पांढऱ्या रेघेच्या वर

सभेच्या अध्यक्ष आदरणीय मंदाकिनीताई, कात्रज परिसर लघुउद्योजक मंडळाचे व्यासपीठावरील पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती अमीनभाई शिकलगार, सुगराबी भाभी, त्यांचे चिरंजीव तौफिक आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

पत्रिकेत माझ्या नावाआधी ‘ज्येष्ठ नौकानयनप्रेमी’ असं छापलं आहे. ज्येष्ठ आहे, हे खरं. नौकानयनावर प्रेम करणं पुण्यात तसं सोपं, कारण समुद्र चांगला लांब आहे.

अमीनभाई चाळीस वर्षांनी आपलं वर्कशॉप बंद करून सोलापूरला लेकीकडे निघाले आहेत. निरोपाला मी बोलावं, ही त्यांचीच इच्छा. तौफिकने मला तसं फोनवर सांगितलं. काल मी वर्कशॉपवर गेलो आणि विचारलं, “अमीनभाई, तुमच्याबद्दल काय बोलू?” ते म्हणाले, “माझ्याबद्दल राहू द्या साहेब. ट्रेलरबद्दल बोला. सुंदराबाई येणार आहेत.”

सुंदराबाई ओव्हाळ आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी. त्यांचे यजमान कचरू आमच्या नौकानयन क्लबच्या बोटी सांभाळायचे. २००५ साली घाटात बोटीच्या ट्रेलरखाली सापडून ते गेले. अमीनभाईंच्या कच्च्या वेल्डिंगने आपला माणूस नेला, असं सुंदराबाई चौदा वर्षं मानत आल्या. का मानू नये? क्लबच्या चौकशी अहवालात तसंच लिहिलं आहे. तो अहवाल मी लिहिला. मी तेव्हा क्लबचा सचिव होतो.

अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून थोडा वेळ जास्त घेतो.

अपघाताच्या आदल्या वर्षी खराडीच्या एका संगणक कंपनीने आम्हाला मोठी शिडाची बोट भेट दिली. आमचा ट्रेलर जुना, एका अ‍ॅक्सलचा, दोन चाकांचा. नव्या बोटीखाली तो वाकायला लागला. अमीनभाईंनी आठ दिवस खपून त्याला दुसरा अ‍ॅक्सल बसवला. चार चाकं झाली. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. अमीनभाईंनी मात्र पेढा हातात तसाच धरून मला बजावलं, “साहेब, दोन अ‍ॅक्सल म्हणजे दोन बैल. जू सरळ असेल तर दोघं ओढतात. तिरकं झालं की सगळं एकाच्या मानेवर येतं. ट्रेलर पुढून उचलला, तर अख्खी बोट मागच्या अ‍ॅक्सलवर बसणार.” आमच्या जीपच्या हुकाची उंची मोजून त्यांनी भिंतीवर त्या उंचीला पांढरी रेघ ओढून दाखवली. तशीच रेघ क्लबच्या भिंतीवर कचरूंनी ओढली. “गाडी बदललीत आणि हूक या रेघेच्या वर गेला, तर आधी माझ्याकडे आणा. तासाभराचं काम आहे.”

मुंबईच्या स्पर्धेला निघालो त्या सकाळी कंपनीने स्वतःची नवी, उंच गाडी पाठवली. बाजूला कंपनीचं नाव, दारात फोटोग्राफर. कचरूंनी ट्रेलर जोडला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, नाक वर हाय. रेघेच्या वर वीतभर गेलंय. अमीनभाईला दाखवून जाऊ.” मी काय म्हणालो असेन? “कचरू, आता चार चाकं आहेत. काय होतंय?”

दोन चाकं असती, तर मी भीतभीत तरी गेलो असतो. चार होती, म्हणून माज आला. दुसरा अ‍ॅक्सल अमीनभाईंनी ट्रेलरला बसवला होता, तो माझ्या डोक्यात बसला.

घाटाच्या उतारावर मागचा पाटा तुटला. चाकावरचा भार पेलणारी ती पोलादी पट्टी. गाडी थांबवली. कचरू चाकाखाली अडसर म्हणून दगड लावायला वाकले, आणि दुसऱ्या बाजूचा पाटा तुटून ट्रेलर त्यांच्यावर कलंडला. पुढचं मी सांगणार नाही. सुंदराबाई बसल्या आहेत.

मी घाबरलो, मंडळी. कंपनी जाईल, क्लबचं नाव जाईल, मी जाईन. अहवालात ‘वेल्डिंगमधील दोष’ हे दोन शब्द लिहिले आणि सुटलो. चौकशीच्या दिवशी अमीनभाई तुटलेला पाटा गोणपाटात गुंडाळून क्लबवर आले होते. बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिले. पुढचे पाटे शाबूत होते, वेल्डिंगचा एकही जोड सुटला नव्हता, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. मी दारात येऊन म्हणालो, “कळवू.” ते उठले, मला सलाम केला आणि गेले.

तोच पाटा घेऊन ते सुंदराबाईंकडेही गेले होते. त्या म्हणाल्या, “लोखंड घेऊन माझ्या दारात येऊ नका.” त्यांचं काय चुकलं? सही-शिक्क्याचा कागद माझा होता. त्या कागदापायी अमीनभाईंना पुन्हा कोणी ट्रेलरचं काम दिलं नाही. गाड्यांचे सांगाडे उभे करणारा हा कारागीर पुढची चौदा वर्षं खिडक्यांचे गज जोडत बसला.

दुरुस्त केलेला अहवाल माझ्या सहीनिशी मंदाकिनीताईंकडे दिला आहे. एक प्रत सुंदराबाईंसाठी, एक अमीनभाईंसाठी. तिसरी उद्या सकाळी मी स्वतः पोलीस ठाण्यात देणार आहे. सत्काराची शाल माझ्या हस्ते द्यायची, असं पत्रिकेत छापलं आहे. ती माझ्या हातून अमीनभाईंच्या खांद्यावर जाऊ नये, अशी अध्यक्षांना विनंती करतो.

अमीनभाई, मी ‘कळवू’ म्हणालो होतो. आज कळवतो आहे. दोष तुमच्या कामात नव्हता. सुंदराबाई, तुमच्या यजमानांनी मला वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

मंडळाने बोलण्याची संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभेने ते पोटात घालावं. बोलण्यातलं तेवढंच. बाकीचं कोणीही पोटात घालू नये.