व्हॉल्व्हच्या डोक्यावर स्पोकची कात्री

अगं, चहा राहू दे, आत्ता रफिकचाचांच्या सायकल दुकानात काय झालं ते आधी ऐक! माझ्या मोटर बसवलेल्या सायकलचे मागचे स्पोक सारखे तुटायचे ना? म्हणून मी जाड स्पोक आणून अख्खं चाक स्वतः बांधलं. तीन रविवार गेले त्यात. आज हवा भरायला सायकल ढकलत त्यांच्याकडे नेली. चाचांनी चाक फिरवून बघितलं.

"आउट जरासुद्धा नाही गं, अगदी सरळ फिरतंय!"

मी फुगले. तेवढ्यात ते हसायलाच लागले.

"पण बेटा, हवा कुठून भरणार?"

बघते तर काय, व्हॉल्व्हच्या बरोबर डोक्यावर एकमेकांवरून गेलेल्या दोन स्पोकची कात्री! पंपाचं तोंडच आत जाईना.

"छत्तीसच्या छत्तीस स्पोक सोड. मी नव्याने बांधून देतो."

"एकही सोडणार नाही."

"मग काय तोंडानं फुंकणार?" एक गिऱ्हाईक खिदळलं.

मी पंपाची नळी वाकवून वाकवून आत घातली. बोटं सोलली, पण हवा भरली आणि तिथूनच सायकल सुसाट काढली.

चाचा मागून ओरडले, "दर वेळी असंच करशील का?"

"करीन! पण चाक मीच बांधलेलं राहील!"

तू असतीस तर सोडले असतेस का गं ते स्पोक?