चाटलेली फोड

हसा, पण आधी पूर्ण ऐका. माझी चार वर्षांची परी नर्सरीतून रोज कुणाचा ना कुणाचा खडू उचलून आणायची. माझी झोपच उडाली. इथे उत्तरेत, जानकीपुरमला, आमच्या वरच्या मजल्यावर कांबळे मॅडम राहतात. चोरांच्या डोक्यात काय चालतं, याचा त्या जेलमध्ये जाऊन अभ्यास करतात. परीला घेऊन मी थेट त्यांच्याकडे.

"मॅडम, आत्ताच सांगून टाका, ही मोठेपणी चोर होणार का?"

मॅडमनी त्यांच्या चोरांच्या नोंदींच्या वहीत परीचं नाव लिहिलं, तिच्यासमोर दशहरी आंब्याची एक फोड ठेवली. "मी चहा करून येते. तोवर खाल्ली नाहीस, तर दोन मिळतील. आणि आई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही हं."

त्या आत गेल्या न गेल्या, तोच परीने फोड उचलली, मस्त चाटली आणि परत ठेवली. पोरीचं नाव चोरांच्या वहीत कायमचं राहणार! मी बोलले काहीच नाही. फोड उचलली आणि खाऊन टाकली.

मॅडम चहा घेऊन आल्या. "फोड कुठाय?"

"मांजर आलं होतं."

"दुसऱ्या मजल्यावर? दार बंद असताना?"

"नहीं आंटी," परी म्हणाली, "मैंने तो बस चाटा था. खाया मम्मी ने."

मॅडमनी परीचं नाव खोडलं. "हिची काळजी सोडा, ही खरं बोलते. आता तुमचं पूर्ण नाव सांगा."