देवजी ताडाची उंची

अक्षता : मिथुनशेठ, हा फोटो काढला तेव्हा तुम्ही कशावर उभे होतात?

मिथुन : कशावर म्हणजे? जमिनीवर. नावड्याला, काकांच्या अंगणात. का?

अक्षता : मग तुमचा मोबाइल जमिनीपासून सहा फूट अडीच इंचांवर कसा गेला?

मिथुन : मॅडम, तुमाला फोटोवर माझी बिल्डिंग बसवायला दिलीय. माझा मोबाइल कुठं होता ते पोलीस विचारतात. चार वाजता देवळात गावाची मीटिंग आहे, त्याच्या आत बॅनर छापून पायजे. बारा वाजून गेले. प्रिंट काढा.

देवजी : थांब रं मिथून. पोरी, सहा फूट वर काय गेला? मना समजंल असा सांग. सही मना करायची हाय.

मिथुन : काका, तुमी चहा घ्या ना. टेक्निकल आहे ते.

देवजी : चा झाला. सांग पोरी.

अक्षता : सांगते, देवजीकाका. मिथुनशेठनी तुमच्या अंगणातून समोरच्या मोकळ्या प्लॉटचा फोटो काढला. मला त्या प्लॉटवर त्यांची चौदा मजल्यांची इमारत दाखवायचीय, जशी उद्या खरी दिसेल तशी. म्हणून मी कंप्युटरमध्ये एक खोटा कॅमेरा उभा करते. बरोब्बर त्याच जागी, त्याच उंचीवर, तसाच वळवलेला. मग त्या खोट्या कॅमेऱ्यातून इमारत बघायची आणि फोटोवर ठेवायची.

देवजी : म्हनजे खोटा मिथून.

अक्षता : हो. खऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवून उभा केलेला.

देवजी : गावाला खराच अजून समजला नाय. बरा, पुढं?

अक्षता : आता अंतरं कशी मोजायची? फोटोत उंची माहीत असलेलं काहीतरी लागतं. प्लॉटचा मोजणीचा नकाशा मी तीनदा मागितला.

मिथुन : येतोय ना तो.

अक्षता : तीनदा येतोय. विजेचा खांब आहे, पण तो वाकलाय.

मिथुन : कळंबोलीचा ट्रेलर घुसला होता त्याला. त्यात माझा काय दोष?

अक्षता : काकी आहेत, पण त्या कडेला पायरीवर बसल्यात, अर्ध्या कापल्या गेल्यात. उभ्या राहिल्या असत्या तर मोजायला दोन माणसं मिळाली असती. का बसल्या त्या?

देवजी : वेनूचे गुडघे.

अक्षता : मग उरलात तुम्ही. मधोमध, ताठ उभे. मी फोनवर उंची विचारली, तुम्ही सांगितलीत पाच फूट दहा इंच.

देवजी : सांगितला.

मिथुन : आणि आहेतच काका पाच-दहा! अख्खा गाव देवजी ताड म्हणतो त्यांना. उगाच म्हणतो?

अक्षता : गाव म्हणत असेल. फोटो म्हणत नाही. हे बघा, ही लाल रेघ म्हणजे क्षितिज. जमीन सपाट असली की क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीलाच येतं. कुणाच्या गळ्यातून रेघ गेली तर कॅमेरा त्याच्या गळ्याइतका उंच. इथं रेघ काकांच्या टोपीच्याही वरून जातेय.

देवजी : टोपीच्या वरून.

अक्षता : म्हणजे मोबाइल काकांपेक्षा उंचावर होता. काका पाच-दहा असतील, तर मोबाइल सहा फूट अडीच इंचांवर. आणि मिथुनशेठ, तुम्ही स्वतः किती?

मिथुन : पाच-आठ. शूज घालून.

अक्षता : मग तुम्ही डोक्याच्या वर मोबाइल धरला होतात?

मिथुन : धरला असेल. हात वर करून. आजकाल सगळे तसेच काढतात, चेहरा बारीक येतो.

देवजी : नाय. डोल्यासमोर धरलेलास. "काका, जरा हसा" बोललास. मी हसलो नाय.

मिथुन : काका, आठ दिवस झाले त्याला. तुमच्या कुठं लक्षात आहे?

देवजी : मना हसायला कोन बोलत नाय, म्हनून लक्षात हाय.

अक्षता : मग दोनांतली एक गोष्ट चुकलीय. मोबाइलची उंची, नाहीतर काकांची.

मिथुन : मॅडम! जरा सांभाळून. हे माझे सख्खे काका आहेत. ह्यांनी कबड्डीत आमच्या गावाचं नाव केलं. माझ्या ऑफिसात बसून... बरं, तुमच्या ऑफिसात बसून, तुमी त्यांची उंची कमी करणार? मी जिवंत असेपर्यंत काका पाच-दहाच राहणार.

देवजी : इतका मान तू मना कवा दिला नाय.

मिथुन : मनात होता, काका.

देवजी : पोरी, एक सांग. मी दोन इंच इकडं का तिकडं. त्यानं या बिल्डिंगला काय व्हतं?

मिथुन : काय नाय होत. मॅडम, सांगा, काय नाय होत.

अक्षता : होतं. काका, तुम्ही या फोटोची फूटपट्टी आहात. पट्टी आहे त्यापेक्षा मोठी सांगितली, की सगळं अंगण मोठं होतं, प्लॉट लांब जातो. लांब गेलेली इमारत बुटकी दिसते. तुम्ही जितके उंच, तितकी मिथुनशेठची इमारत ठेंगणी.

देवजी : आन ती निशानी? देवीची?

अक्षता : तेच तर. ही टेकडी, हे गावदेवीचं देऊळ, हा वर झेंडा. सध्या इमारतीच्या गच्चीच्या एवढंस्सं वर फडकताना दिसतोय. एका बोटाचं अंतर.

मिथुन : दिसतोय ना? संपला विषय! मी गावाला शब्द दिलाय, झेंडा झाकणार नाय. बिल्डिंगचं नावच "गावदेवी व्ह्यू" ठेवलंय.

देवजी : वेनू सकाली पायरीवर बसते. टेकडी चढवत नाय आता. तिथनंच निशानीला हात जोरते, मग चूल पेटवते. म्हनून मी तुला बोललो, रस्ता माज्या अंगनातून ने, पन मना आदी दाखव, पायरीवरून निशानी दिसते का नाय.

मिथुन : दाखवली की! समोर आहे. आणि काकीचं टेन्शन कशाला? काकीला बाराव्या मजल्यावर फ्लॅट देतो. गॅलरीतून डायरेक्ट देवी. समोरासमोर.

देवजी : तिथनं आमची पायरी दिसंल का?

मिथुन : पायरी कशाला बघायचीय?

देवजी : नाय, इचारला.

अक्षता : काका, माझ्याकडे टेप आहे. ड्रॉवरमध्येच आहे. दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभे राहिलात तर एका मिनिटात कळेल.

मिथुन : काय गरज नाय! मॅडम, मोठ्या माणसाला असं भिंतीला लावून मोजतात? शाळेतल्या पोरासारखं? अपमान आहे हा. काका, चला, मी सांगतो, तुमी उठू नका. आणि मॅडम, एक क्लिअर सांगू? आमचे आणखी नऊ टॉवर येतायत तळोज्याच्या अंगाला. त्यांचे फोटो कोण करणार, मला अजून ठरवायचंय.

अक्षता : ठरवा. पण हे चित्र मी असं देणार नाही. तुमचं गाव ते बघून सह्या करेल. आणि ज्या दिवशी इमारत उभी राहील त्या दिवशी सगळे बॅनर घेऊन अंगणात उभे राहतील, आणि खाली नाव माझं असेल.

मिथुन : खाली बारीक लिहितात ना? "चित्र काल्पनिक आहे"?

अक्षता : ते झाडांसाठी लिहितात. देवासाठी नाही.

देवजी : मिथून.

मिथुन : बोला काका.

देवजी : माजी उंची तुला ठाव हाय का?

मिथुन : पाच-दहा!

देवजी : तुज्या लग्नात मी तुला गंध लावला. तू वाकला होतास?

मिथुन : ...आशीर्वाद घ्यायला वाकतातच.

देवजी : आशीर्वाद मंग घेतलास. गंधाला आदी वाकला होतास. गुडघ्यात.

मिथुन : काका, असं कसं आठवतं तुमाला सगळं?

देवजी : म्हनजे तुला ठाव होता. या पोरीनं फोनवर इचारला तवा तू बाजूलाच बसलेला. मी पाच-दहा बोललो, तू मान हालवलीस. मना वाटला, पुतन्या चुलत्याचा मान राखतो.

मिथुन : राखला ना मान!

देवजी : राखलास. चौदा मजले राखलास. आन ताडाचा सांगू? पोरी, तू पन आयक. ताड हे नाव उंचीचा नाय. धाकटा असताना ताडावर चढलो, उतरता येईना. अर्धा दिस वर बसून रडत होतो. तवापासून देवजी ताड. ज्यांना ठाव होता ते सगले वर गेले, म्हनून मी उंच झालो. काड ती टेप.

मिथुन : काका, ऐका ना. एकदा मोजलं की मोजलं. नंतर परत वाढवता येत नाय.

देवजी : या वयात तसा पन वाढनार नव्हतो.

(अक्षता टेप चौकटीला लावते. देवजी चपला काढतो, पाठ टेकवतो.)

मिथुन : टोपी धरून मोजा.

अक्षता : टोपी काढायची काका.

देवजी : ती पन? बरा. घे.

मिथुन : टाचा वर घ्या थोड्या. मॅडम, तुमी खाली बघू नका, वर बघा.

देवजी : टाचा टेकल्यात. बोल पोरी.

अक्षता : पाच फूट दोन इंच.

मिथुन : केस दाबले गेले असतील.

देवजी : केस कुठं हायत? टाक ते कंप्युटरमधी.

अक्षता : टाकते. ...आता मोबाइल आला पाच फूट सहा इंचांवर. मिथुनशेठ, तुमच्या डोळ्यांसमोर. काका बरोबर बोलत होते. आता इमारत त्या जागी परत ठेवते. थोडा वेळ लागेल.

मिथुन : कॉम्प्युटर स्लो वाटतोय. हँग होईल. राहू द्या.

अक्षता : झालं.

देवजी : निशानी कुठं हाय?

अक्षता : गच्चीच्या मागं, काका. पाण्याच्या टाकीच्या मागं.

देवजी : टेकरी?

अक्षता : टेकडीही.

देवजी : हं.

मिथुन : काका, फोटो एका बाजूचा असतो. काकी जरा उजवीकडं सरकून बसली...

देवजी : पायरी उजवीकडं सरकत नाय. पोरी, वरचा एक मजला काडून बघ.

अक्षता : तेरा. नाही दिसत.

देवजी : अजून एक.

मिथुन : मॅडम, हा गेम नाय. त्या दोन मजल्यांच्या बुकिंगचे लोकांनी पेढे खाल्लेत!

अक्षता : बारा. ...दिसला. झेंडा दिसला, काका. काठीचं टोकही.

देवजी : बाराचा छाप. त्याच्यावर सही करतो. चौदाचा छापायचा असंल तर तो पन छाप, पन खरा. मंग रस्ता दुसऱ्याच्या अंगनातून ने.

मिथुन : दुसरं अंगण आहे कुठं? एका बाजूला नाला, एका बाजूला कंपनीची भिंत. काका, दोन मजले म्हणजे आठ फ्लॅट! आठ घरं! असं एका झेंड्यापायी...

देवजी : मी आठ इंच सोरले. पन्नास वर्सं संभालले होते. तुज्याकडं ते दोन मजले येऊन वरीस पन झाला नाय.

मिथुन : ...मी जरा खाली जाऊन प्रसादला फोन करतो. पार्टनर आहे, त्याला विचारावं लागेल. मॅडम, तवर काय छापू नका. कायच नाय.

देवजी : जा. जिन्यावर डोका संभाल, तू उंच हायस.

अक्षता : ...काका, पाणी देऊ?

देवजी : दे. येईल तो. ओरडंल प्रसादवर, मंग येईल. नाला ओलांडून रस्ता नेता येत नाय, त्याला ठाव हाय.

अक्षता : काका, एक अडचण आहे. बॅनरच्या खाली मला ओळ लिहावी लागते. फोटोतल्या माणसाची उंची अमुक धरून चित्र केलंय, अशी. नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, अंदाजपंचे केलं. लिहिलं तर गाव वाचणार.

देवजी : माजा नाव पन लिवशील?

अक्षता : नाव नाही लिहिलं तरी फोटोत तुम्ही एकटेच उभे आहात.

देवजी : तेबी खरा.

अक्षता : बारीक अक्षरात लिहिते. कुणी वाचणार नाही.

देवजी : मोटा लिव. वेनूला चष्म्याबिगर दिसत नाय.

अक्षता : काकींना सांगणार आहात?

देवजी : तिला काय सांगनार? अंतरपाट बाजूला झाला तवाच तिना बघला. माज्यापेक्षा चार बोटा उंच हाय ती. तवापासून कोनी बी फोटो काढाया लागला, का ती खाली बसते. लग्नाचा, बारशाचा, पोरीच्या सासरचा. सगल्या फोटोत मी उभा, ती बसलेली.

अक्षता : तुम्ही म्हणालात, गुडघे.

देवजी : गुडघे आता दोन वर्सात दुखायला लागले.