गुलाबाला लावलेला कौल

मंडळी, ऐका! आणि आधी ते पंख्याखाली सरकणं थांबवा. देवळात पंखा एक, आणि माणसं अख्ख्या गल्लीची! अहो खांबाजवळचे काका, मगाशी बसलात काय, आता उठलात काय — चाललंय तरी काय? उकडतंय? मला नाही उकडत? माझ्या तर डोक्यावर फेटा आहे! पण बसा. आजचं आख्यान बसण्याचंच आहे.

प्रश्न विचारतो. आपलं जिवाचं माणूस निपचित पडलंय. हाक मारली तर ओ देत नाही. अशा वेळी आपण काय करावं?

काय म्हणालात आजी? "काहीतरी करावं की!" वा! काहीतरी! हातावर हात ठेवून कसं बसायचं? मग ऐका, काहीतरी करणाऱ्या एका माणसाची गोष्ट.

मिरजेच्या बाजूला एक गाव. तिथं दिगंबरराव राहायचे — रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. उभा जन्म गाड्या पुढं काढण्यात गेला. सिग्नल दिला की गाडी आली पाहिजे, हिरवं निशाण दाखवलं की गेली पाहिजे! चहा यायला उशीर झाला तरी हा माणूस दारात जाऊन उभा — जणू कप रुळावरूनच येणार आहे! हसा, हसा. तुमच्या घरी नाही का असा एखादा?

त्यांच्या पत्नी यमुनाबाई. घराच्या कुंपणाला लागून त्यांनी गुलाब लावलेले. आणि दरवर्षी चैत्रात घरी गौर बसायची, ती अक्षय तृतीयेपर्यंत. आरास, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. अख्ख्या आळीच्या बायका हळदीकुंकवाला! हे सगळं एकट्या यमुनाबाई करायच्या. आणि दिगंबरराव? पेपर वाचायचे.

त्या वर्षी फाल्गुनात यमुनाबाईंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "धोका टळला. आता वेळ द्या." घरी आणलं, खिडकीशी पलंग टाकला. पण बाई बोलेनात. जेवण दोन घास. तोंड भिंतीकडं.

आणि मास्तर? अहो, बसतील तर शपथ! खोलीत जायचे — "आज बरं वाटतंय ना गं?" बाहेर यायचे. पुन्हा आत — "जरा उठून बसतेस का?" पुन्हा बाहेर. पुन्हा आत — "कालच्यापेक्षा बरं आहे ना? सांग ना!" ती काय सांगणार? डोळे मिटायची. आणि हे घाबरायचे. मंडळी, खरं सांगतो, हा माणूस भयंकर घाबरला होता. बायको जाणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. ते तोंडानं बोलवत नव्हतं, म्हणून पाय बोलत होते — इकडून तिकडं, तिकडून इकडं.

शेवटी गेले देवीच्या देवळात. म्हणाले, "गुरव, कौल लावा. यमुना उठणार का?" गुरवानं देवीच्या अंगावर उजवीकडं एक कळी लावली, डावीकडं एक. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळे बघताहेत... बघताहेत... काहीच पडेना! गुरव म्हणाला, "मास्तर, देवी आज बोलत नाही. वाट बघायची."

वाट? स्टेशनमास्तरांनी? ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना वाट बघायला लावली, त्यानं?

तरातरा घरी आले. कुंपणाशी उभे राहिले, गुलाबांकडं बघितलं — आणि मनातल्या मनात कौल लावला! यमुनाबाईंचा लाडका गुलाब होता, फिकट गुलाबी, माहेरच्या फांदीवरून लावलेला. त्याच्यापुढं हात जोडले : "अक्षय तृतीयेला याचं फूल गौरीला वाहिलं, तर यमुना वाचली!" अहो, देवाला कौल लावतात! या शहाण्यानं झाडाला कौल लावला! आणि तोही वैशाखाच्या तोंडावर!

आता उन्हाळ्यात गुलाबांचं काय होतं, ठाऊक आहे? माणसांचं होतं तेच! एकेकाचा स्वभाव बाहेर येतो. तो मोठा लाल कलमी — थंडीत पेल्याएवढं फूल देणारा — त्याचं फूल झालं बोराएवढं, आणि पाकळ्यांच्या कडा करपलेल्या. पिवळा सकाळी काय ऐटीत उमलायचा! दुपारी बघावं तर खाली पिवळा सडा. पांढरा बटणगुलाब मात्र बेटा मजेत! कुणी बघो न बघो, झुबक्यांनी फुलतोय. आणि यमुनाबाईंचा? पानं गाळून, काटे घेऊन, गप्प उभा. फूल सोडा, कळी नाही!

मग सुरू झालं काहीतरी करणं! भर दुपारी बादलीनं पाणी. संध्याकाळी परत पाणी. दुकानातून खत आणलं — पुड्यावर लिहिलेलं चमचाभर, यांनी टाकलं ओंजळभर! सूनबाई मंजिरी म्हणाली, "बाबा, अहो तापलेल्या मातीत एवढं खत कशाला? मुळं भाजतील."

"तू डाळीचं बघ!"

दुसऱ्या दिवशी उरलीसुरली पानंही करपली. मास्तर झाडापाशी उकिडवे बसले. आपणच घालवलं की काय? झाड? आणि... पुढचा विचार करवेना. आत धावले. "यमुने, अगं चार पावलं तरी चाल! बघ, मी धरतो." तिला उठवून बसवलं. ती घामानं डबडबली, चक्कर येऊन परत आडवी झाली. मंडळी, बघितलंत ना? अंगणात खत, खोलीत हट्ट! दोन्हीकडं एकच चूक, आणि करणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी!

मागू नको रे, मागू नको,
निजल्या जिवाला जागवू नको!

अक्षय तृतीया उजाडली. मंजिरीनं तिच्या परीनं गौर सजवली. मास्तर पहाटेच कुंपणाशी. झाडावर काटे, फक्त काटे! आता? कौल उलटा गेला? छे! स्टेशनमास्तर हार मानतो होय? सायकल काढली, बाजारात गेले, फुलवाल्याकडनं फिकट गुलाबी फूल आणलं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा घेतला. आणि ते विकतचं फूल फांदीला बांधलं! इकडंतिकडं बघितलं. आणि स्वतःच ओरडले, "मंजिरी! अगं, फूल आलं! फूल आलं!"

घाईघाईत दोऱ्यासकट तोडलं, आणि गौरीकडं जायच्या आधी धावत खोलीत. "यमुने, बघ! तुझ्या गुलाबाला फूल आलं!"

यमुनाबाईंनी मान वळवली. फूल हातात घेतलं. नाकाशी नेलं. मग देठावरून बोट फिरवलं. आणि कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं —

"अहो, याचे काटे कुणी काढले?"

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले.

"आणि हा दोरा माझ्याच डब्यातला ना?"

संपलं! बिनतिकीट स्वारी पकडली गेली! मास्तर मटकन् खाली बसले, लहान पोरासारखे रडायला लागले. कौलाचं, खताचं, सगळं सांगून टाकलं. "मला वाटलं, फूल आलं की तू उठशील. ते झाड मेलं गं. मीच मारलं."

आणि यमुनाबाई हसल्या! पोटावर हात धरून हसल्या. "हसवू नका हो, टाके दुखतात." मग म्हणाल्या, "जा, नखानं त्याची साल खरवडून बघा."

गेले. एक फांदी खरवडली. वाळकी! खालची खरवडली. तीही वाळकी! मग अगदी बुंध्याशी नख लावलं — आणि आत हिरवं! ओलं, हिरवंगार!

परत आले. "आहे! जिवंत आहे!"

"असणारच. अहो, ते दर उन्हाळ्यात असंच निजतं. वैशाखात त्याला फूल कधी आलंच नाही. इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर आहे — तुम्ही बघितलंत कधी?" मग त्या म्हणाल्या, "त्याला निजायला तरी मिळतं. मला कुठल्या चैत्रात मिळालं? यंदा निजलेय, तर तुम्ही निजू देत नाही."

मंडळी, इथं त्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला! देवीचा कौल समोर पडला होता — ती बोलली नव्हती, म्हणजेच "थांब" म्हणाली होती. एवढं साधं!

मास्तरांनी खुर्ची ओढली. पलंगाशी बसले. कसं वाटतंय विचारलं नाही. ऊठ म्हणाले नाहीत. पाय सारखे हलत होते, ते दाबून धरले. बाहेर बायका आल्या, पन्हं झालं, ओटी झाली. हा माणूस बसून. उन्हं कलली तेव्हा यमुनाबाई आपणहून म्हणाल्या, "मंजिरीनं डाळ केलीय ना? चमचाभर आणा. आंबट झालीय का बघू."

झालं! आख्यान संपलं!

काय? काय म्हणालात काका? "पुढं बाई उठल्या का?" आणि आजी, तुम्ही? "गुलाबाला फूल आलं का?" अरे देवा! बघा, बघा! तुम्हीही कौल लावायला बसलात! घटकाभर वाट बघवेना? तुमच्याच घरात कुणी भिंतीकडं तोंड करून पडलं असेल — नापास झालेलं पोर असेल, नोकरी गेलेला भाऊ असेल, नुकतीच बाळंत झालेली सून असेल — त्यालाही तुम्ही हेच विचारत असाल. "झालं का? उठतोस का? फूल कधी?" दिवसातनं दहा वेळा! आणि त्याला तुम्ही म्हणता प्रेम!

घरी जा. त्याच्याजवळ बसा. काही विचारू नका. उन्हं कलतील.

चला, आता नाम घेऊ. पण टाळ आज हळू वाजवा. या देवळाच्या आसपासही कुणीतरी निजलेलं असेल.